घोडीचा डावा कान

शैमेर्देन म्हातारा गेल्यापासून त्या घरातली माणसं एकत्र जमली की भांडूनच उठायची. सातव्याच्या जेवणाला भांडली, वर्षाच्या जेवणाला भांडली, आणि ओल्झासच्या लग्नात तर गाणाऱ्यांनी गाणं थांबवून त्यांचं ऐकलं. म्हणून या खेपेला रिसबालाने दोन्ही मुलांना फोनवर आधीच ताकीद दिली होती. ओल्झासच्या बाळाच्या चाळीस दिवसांच्या अंघोळीला या, पोटभर जेवा आणि आवाज न चढवता आपापल्या घरी जा.

थोरल्या दुलातला मात्र तिने एक वाक्य जास्तीचं सांगितलं. "त्या दिवशी तुझ्या बापाचं नाणं डबीतून बाहेर निघणार आहे."

तेवढ्या एका वाक्यावर दुलात अस्तानाहून रात्रभर रेल्वेत बसून ओस्केमेनला आला. बगलेत मखमली खाचांचा जाडजूड अल्बम होता. बाप आयुष्यभर टाकसाळीत ठसे कोरत होता, आणि बापाच्या हातच्या ठशावर पडलेलं प्रत्येक नाणं दुलातने त्या अल्बमात लावलं होतं. चांदीचे गरुड होते, हंस होते, जुन्या कवींचे चेहरे होते. फक्त शेवटची खाच रिकामी होती. ती सोन्याच्या नाण्याची, घोडी आणि शिंगराची. दुलातच्या पगारात ते कधी बसलं नाही. निवृत्तीच्या दिवशी टाकसाळीने म्हाताऱ्याला एक भेट दिलं होतं, ते रिसबालाच्या कपाटात शालींखाली बंद डबीत पडून होतं. दुलात पन्नाशीला टेकला होता आणि खाच अजून रिकामीच होती.

बायकांनी बाळाला घेऊन आतली खोली बंद केली होती आणि पुरुषांना स्वयंपाकघरात हाकललं होतं. तिथे ओल्झास कझीचे काप करत होता. बाजाराजवळ त्याचं दागिन्यांचं छोटं दुकान. येईल ते सोनं तोलायचं, वितळवायचं, हवं ते घडवून द्यायचं. घोड्याच्या मांसाचे कापही तो तसेच, डोळा बारीक करून सारख्या जाडीचे पाडत होता.

"आगा, लोक पोराला बघायला येताना खेळणं आणतात. तू अल्बम आणलास?"

"खेळणं पण आणलंय. आणि सुरी खाली ठेवून बोल."

"आपाने नाणं तुला कबूल केलंय वाटतं." आईला दोघे आपा म्हणत, बापाला आके, आणि ओल्झास थोरल्याला आगा.

"कबूल असं नाही. डबीतून काढणार म्हणाली. माझ्याशिवाय कुणासाठी काढेल?"

"घे बाबा, मला नको आहे. पण एक सांगू? उगाच जीव टाकतोस. ते नाणंच नाही."

"मग काय आहे, बटण?"

"सोन्याचा तुकडा, वर घोडी." ओल्झासने सुरी हवेत फिरवली. "टाकसाळीतून निघालं ते डबीत गेलं, डबीतून कपाटात. त्याने कुणी कधी पाव आणला? चहा प्यायला? जन्मात एकदा बाजारात न गेलेलं नाणं कसलं? माझ्याकडे आणतात ना लोक ही स्मारकं आणि वर्धापनं. डबी उघडतात, शिक्क्याचा कागद दाखवतात, आणि मी काट्यावर ठेवतो. काट्याला घोडी दिसत नाही, आगा."

"काट्याला दिसत नाही म्हणून तुलाही दिसायला नको? आकेने त्या घोडीवर दोन हिवाळे घातले. डोळे गेले त्यांचे त्यात."

"तेच तर मला कळत नाही. अख्ख्या ओस्केमेनमध्ये घोड्याला भिणारा कझाख एकच, तो आपला बाप. लांबून घोडा दिसला तरी रस्ता ओलांडायचा. आणि कोरायला काय मिळालं, तर घोडी!"

दुलातला हसू आलं, कारण ते खरंच होतं. पण त्या घोडीबद्दल त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याने कझीचा एक काप तोंडात टाकला.

*

आतल्या खोलीत ओल्झासच्या बायकोचा, मोल्दिरचा, जीव वर-खाली होत होता. बाळ तिचं, पण आज तिला कुणी विचारत नव्हतं. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला तिची स्वतःची आई कुल्पाश, जी खेड्यातून पहाटेच्या बसने ताज्या लोण्याचा डबा घेऊन आली होती. दोन्ही विहिणी एकमेकींना कुदागी, म्हणजे विहीणबाई, म्हणत इतक्या गोड बोलत होत्या की मोल्दिरला धडकी भरली होती.

लाकडी वाडग्यात कोमट पाणी होतं. शेजारणींनी त्यात अंगठ्या टाकल्या, चांदीची जुनी नाणी टाकली. मग रिसबालाने एप्रनच्या खिशातून ती डबी काढली आणि प्लास्टिकच्या कडेत नख घातलं. टक्क असा आवाज झाला.

"आपा," मोल्दिर दबकत म्हणाली, "दुलात आगा म्हणतात त्याला हात लावायचा नसतो..."

"मग याला आजोबाचा हात लागायचा कसा? प्लास्टिकमधून?" रिसबालाने नाणं वाडग्यात सोडलं. "त्याने नातू पाहिला नाही. एवढं तरी पाहू दे."

चाळीस चमचे पाणी बाळाच्या अंगावर पडलं, चमच्यागणिक एक आशीर्वाद. बळकट हो, खोडकर हो, आईपेक्षा उंच हो. बाळ पहिल्यांदा रडलं, मग त्याला आवडायला लागलं. वाडगा रिकामा झाला तशी तळाची चांदी दिसू लागली, आणि त्या चांदीत ते एकटं पिवळं.

तळाशी उरेल ते अंघोळ घालणाऱ्या बायकांनी वाटून घ्यायचं, ही रीत. रिसबालाने मनाशी ठरवलं होतं की चमचा आपल्या हातात आहे, तेव्हा पहिला हात आपणच घालायचा आणि नाणं उचलायचं. पण पहिला हात पाहुणीचा, हे ती नातवाच्या कौतुकात साफ विसरली. तिची बोटं वाडग्याच्या काठाशी पोचली तोवर कुल्पाशचा हात तळाशी जाऊन वर आला होता. तिने नाणं उजेडात धरलं, पदराला लावावं तसं रुमालाच्या टोकाला लावलं आणि खसाखसा पुसलं.

"अगं बाई! कुदागी, तुम्ही सोनं घातलंत? आमच्याकडे चांदीवर भागवतात."

"ते..." रिसबालाने हात एप्रनला पुसला. "असू दे. लखलाभ, कुदागी."

शेजारणी बाळाला गुंडाळायला वळल्या तशी मोल्दिर आईच्या कानाशी लागली. "आई, ते परत दे. ते दुलात आगांना हवंय, त्यांच्या वडिलांच्या हातचं आहे."

"वाडग्यातलं परत?" कुल्पाशने डोळे वटारले. "पोराच्या नशिबातलं काढून दिल्यासारखं होतं ते. आपल्या घरात असं कुणी केलंय कधी? आणि त्यांनी मागितलं का? नाही ना? मग तू कोण मध्ये बोलणारी?"

*

चहा झाला, तळलेल्या बाउर्साकांची परात फिरली, आणि कुल्पाशने कौतुकाने नाणं दस्तरखानावर लोण्याच्या बशीशेजारी ठेवलं.

दुलातने ते पाहिलं आणि त्याची चहाची पियाली ओठाशीच थांबली. इतकी वर्षं त्याने फक्त छायाचित्रं पाहिली होती. छायाचित्रात काहीच आलं नव्हतं. घोडीमागची सपाट पाटी आरशासारखी काळीभोर चमकत होती, खिडकी तिच्यात दिसत होती, आणि त्या आरशात घोडी उभी होती, दहिवर पडल्यासारखी दुधी. मान वळवून ती शिंगराकडे बघत होती. शिंगराचे पाय नुकते उभं राहायला शिकलेल्या पोरासारखे फाकलेले होते. माणसाच्या हाताने हे केलंय आणि तो हात आपल्या डोक्यावरून फिरलाय, या विचाराने त्याला भरून आलं. मग त्याला आरशावर आडवा गेलेला ओरखडा दिसला. त्याच्याशेजारी अंगठ्याचा ठसा.

"हे इथे कसं आलं?"

"माझ्या हाताला लागलं," कुल्पाश म्हणाली. "या बाजूला सोन्याचा दात करून घेईन म्हणत होते कधीपासून. पण नको. पोराच्या पाळण्याला टांगते. जावईबापू, तुमच्याकडे यंत्र आहे ना? एवढं भोक पाडून द्या."

"भोक!" दुलात उठून उभा राहिला.

"दुलात," रिसबाला म्हणाली, "आवाज."

"आपा, तू म्हणालीस डबीतून निघणार."

"निघालं की."

"मला वाटलं माझ्यासाठी निघणार! मी रात्रभर बसून आलो. अंगठ्यांबरोबर घुसळलंत तुम्ही ते. रुमालाने पुसलंत. आता हे कुठल्याही संग्रहात बसत नाही, कळतंय का? जगातला कुठलाही जाणकार आता याला हात लावणार नाही."

"मग बरंच झालं," कुल्पाश म्हणाली. "आमच्या पाळण्याला राहील."

ओल्झासला सासूचा हा बाणा मनापासून आवडला. "आगा, मी सकाळी काय म्हणालो? एका ओरखड्याने ज्याचं सगळं जातं, त्यात होतं काय? सोनं आहे तेवढंच आहे, एक गुंज कमी नाही. आज पहिल्यांदा ते नाणं कुणाच्या तरी कामाला येतंय."

"तुला तर मी..."

"तुझा बाप असता तर त्याने हसून घेतलं असतं," रिसबाला मध्ये पडली. पण तिचा आवाज मऊ पडला होता. "हवं होतं तर तोंडाने मागायचंस, दुलात. इतक्या वर्षांत एकदाही मागितलं नाहीस. मला वाटलं तुला बघायचंय. चूक माझीच आहे. पण दिलं ते दिलं. नातवाच्या पाण्यातलं मी परत मागणार नाही, आणि माझ्या घरात कुणी मागायचं नाही."

तेवढ्यात मोल्दिर बोलली. नवऱ्याकडे न बघता, बाळाला खांद्यावर थोपटत. "पण भोक पाडायलाच हवं असं कुठे आहे? आई, तुझं आहे, तुझंच राहू दे. आगांचं एवढं तरी ऐक."

कुल्पाशने पोरीकडे असं पाहिलं, जणू पोरगी दुसऱ्याच्या घरची झाल्याचं तिला आत्ताच कळलं होतं. "भोक नसेल तर टांगू कसं, धाग्याला डिंक लावून? माझ्या आजीच्या वेणीत झारच्या काळातली नाणी होती, सगळ्यांना भोकं होती. चालताना वाजायची. कुणी म्हणालं नाही की बिघडली. जा हो जावईबापू."

*

ओल्झासचं जुनं कामाचं टेबल अजून आईच्या बंद बाल्कनीतच होतं. खाली उल्बा नदीचं पाणी बर्फाचे शेवटचे तुकडे घेऊन चाललं होतं. त्याने नाणं चामड्यावर ठेवलं, भोक पाडायचं बारीक पातं यंत्रात बसवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. दुलात मागून येऊन स्टुलावर बसला.

भोक वर मधोमध पाडायचं. पण मधोमध आयाळ होती. ओल्झासने भिंग जवळ नेलं आणि केसांमागून केस दिसू लागले. आयाळीचा प्रत्येक केस सुटा होता, टोकाला निमुळता, आणि वारा डावीकडून येत होता. त्याने नाणं थोडं फिरवलं. तिथे घोडीच्या मानेवरची शीर होती, कातडीखालून गेलेली. खाली शिंगराच्या नाकपुडीत ओल होती. सोन्यात ओल! ओल्झासने आयुष्यात हजारो अंगठ्या कोरल्या होत्या. त्याला चांगलं ठाऊक होतं की हे आपल्याला जमणार नाही, या जन्मात तर नाहीच.

पातं त्याने दोनदा टेकवत आणलं आणि दोनदा वर घेतलं.

"काय झालं?" दुलातने विचारलं.

"जागा नाही रे, आगा." त्याने पातं बाजूला ठेवलं. "कुठे पाडू? जिथे बघतो तिथे आपला बाप बसलाय. एवढीशी जागासुद्धा मोकळी सोडलेली नाही."

"काट्याला घोडी दिसत नाही म्हणालास."

"गप्प बस." ओल्झासने भिंग काढून डोळा पुसला. "मी मूर्ख आहे. मी याला सोन्याच्या भावात तोलत होतो. आपण एका घरात वाढलो आणि मला आपला बाप काय होता ते माहीतच नाही."

दुलातने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाला, "एक सांगतो. कुणाला बोलायचं नाही. या नाण्याला नाणीवाले काय म्हणतात माहितेय? कानतुटी. घोडीचा डावा कान तुटका आहे. म्हणतात, साच्याचा टवका उडाला आणि म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही, डोळे गेले होते. एका मेळाव्यात माझ्यासमोर हसले. आकेचं सगळ्यात चांगलं काम, आणि त्यात ही चूक. म्हणून मला ते हवं होतं. निदान हे एक तरी बाहेर कुणाच्या हातात जायला नको."

"तू कधी पाहिलास तो कान?"

"फोटोतही बघवला नाही."

ओल्झासने पुन्हा भिंग लावलं. या वेळी जरा जास्तच वेळ. "टवका?" तो म्हणाला. "कुठल्या गाढवाने सांगितलं? आगा, साचा म्हणजे खळगा. खळग्याचा टवका उडाला तर त्यात सोनं जास्त शिरतं, नाण्यावर गाठ येते. इथे गाठ नाही, खाच आहे. खाच पाडायची तर साचा बनवायच्या आधी मूळ ठशावरचा कानच छिन्नीने कापायला हवा. आणि बघ, कडा घासून गुळगुळीत केलीय. टोक तिरकं छाटलंय, आणि मागच्या बाजूला अर्ध्या चंद्रासारखा काप. हे तुटलेलं नाही, आगा. हे कापलंय. आकेने मुद्दाम कापलंय."

दुलातने त्याच्या हातातून भिंग जवळजवळ हिसकावून घेतलं. वाकला, पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहिला. बऱ्याच वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे ओल्झासला कळेना, म्हणून त्याने नुसता पाठीवर हात ठेवला.

"पण का?" दुलात म्हणाला. "घोडीचा कान असा कोण कापतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शहरात वाढले असले तरी कझाख होते. गुरांचे कान कोण कापतं आणि कशासाठी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक घराची आपली खूण, कळपात मिसळलेलं जनावर ओळखायला. आणि घोडे होते ते फक्त आईच्या माहेरी.

*

रिसबाला अजून दस्तरखानाशीच बसली होती. थोरल्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. लहानपणी काही मोडलं की तो असाच उभा राहायचा, न मागता. आपण त्याला फोनवर नीट सांगायला हवं होतं, असं तिला राहून राहून वाटत होतं. कुल्पाश समोर बसून बाळाच्या टोपीला दृष्ट लागू नये म्हणून घुबडाचं पीस शिवत होती आणि तीही जरा वरमलेली होती.

दोघे मुलगे एकदम आत आले. ओल्झासच्या तळहातावर नाणं होतं, भोक न पाडलेलं.

"आपा," दुलातने विचारलं, "तुझ्या माहेरच्या घोड्यांच्या कानाला काय खूण असायची?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"डाव्या कानाचं टोक तिरकं," ती म्हणाली, "आणि मागून चंद्रकोर. माझे वडील स्वतः कापायचे. शिंगरू रडायचं आणि त्याच्याबरोबर मीही रडायची. का?"

ओल्झासने नाणं तिच्या हातात दिलं. दुलातने भिंग तिच्या डोळ्याशी धरलं, ती लहान पोर असल्यासारखं.

आधी तिला नुसतं पिवळं धुकं दिसलं. मग धुक्यातून मान वळवून घोडी आली. रिसबालाचं तोंड उघडं राहिलं. ते मानेचं वळण तिला ओळखू येत होतं, ती आयाळ तिने वेणीसारखी विंचरली होती, आणि तो कान तर तिच्या मांडीवर धरून कापलेला. सासरी यायला निघाली तेव्हा हीच कुंपणाशी उभी होती. सगळे म्हणत होते पोरगी आईबापासाठी रडतेय. ती घोडीसाठी रडत होती, आणि ते फक्त शैमेर्देनला कळलं होतं, कारण त्याने तिला गाडीत विचारलं होतं.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षं माझ्या शालींखाली होती ही. आणि त्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आपा," ओल्झास म्हणाला. "सरकारी घोडीवर स्वतःच्या सासऱ्याची खूण घालायची म्हणजे!"

कुल्पाशने सुई टोपीत खोचली आणि हात पुढे केला. तिनेही भिंगातून पाहिलं. खेड्यातली बाई, तिला कुणी समजावून द्यायला लागलं नाही. तिने नाणं दोन बोटांत, नुसत्या कडेने धरलं, हे मोल्दिरने दारातून पाहिलं आणि तिला नवल वाटलं.

"भोक नको," कुल्पाश म्हणाली. "अशा जनावराला कोण भोक पाडतं. कोंदण करा, जावईबापू, वर कडी लावा. पाळण्याला टांगायचं ते टांगायचंच. आणि तू," ती दुलातकडे वळली, "वरचेवर येत जा बघायला. पाळण्याला काही कुलूप नसतं."

दुलातने मान हलवली. मग अल्बम उघडला, शेवटच्या खाचेवरून बोट फिरवलं, आणि खिडकीत पडलेली ती उघडी प्लास्टिकची डबी उचलून त्या खाचेत बसवली. बरोबर बसली.

रिसबालाने नाणं पुन्हा मागून घेतलं. भिंग खाली ठेवायला ती तयारच नव्हती.

"तुम्ही म्हणता ना, बाप घोड्यांना भ्यायचा? ते हिच्यामुळे. मागणी घालायला आला तेव्हा हिने त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. सगळं गाव हसलं. मीही हसले. जाताना मला म्हणाला, हसून घे, एक दिवस तुझ्या या घोडीला अशी बांधून ठेवीन की जन्मात सुटायची नाही."

"आणि मग?" कुल्पाशने विचारलं.

रिसबालाने डोळा भिंगावरून काढला नाही. "बांधली की," ती म्हणाली.